तान्ह्या मुलांमधील कावासाकी आजार: निदानाला लागलेले नऊ दिवस

रानजाई

आमच्या धाकट्या मुलाला सातव्या महिन्यात कावासाकी आजार झाला आणि त्याचे निदान व्हायला नऊ दिवस लागले. तो आता पावणेदोन वर्षांचा आहे आणि घरभर धावतो. इतके दिवस मी हे लिहायचे टाळले, कारण लिहायचे म्हटले की ते दिवस पुन्हा डोळ्यांसमोर उभे राहतात. गेल्या आठवड्यात मात्र ओळखीच्या एका घरी चौदा महिन्यांच्या मुलीला सहा दिवस ताप असल्याचे कळले, आणि तिची आई फोनवर अगदी माझेच तेव्हाचे वाक्य बोलली: "काल अंगावर पुरळ होते, आज काहीच दिसत नाही." त्या वाक्यामुळे हा धागा काढत आहे.

ज्यांना हे नाव नवे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या आजारात शरीरातील मध्यम आकाराच्या धमन्यांना दाह होतो, आणि त्यातही हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांना धोका असतो. तेथे भिंत फुगून फुगा तयार होऊ शकतो. बहुतेक रुग्ण पाच वर्षांच्या आतील असतात आणि मुलींपेक्षा मुलांचे प्रमाण जास्त असते. कारण अजून सापडलेले नाही.

आमच्याकडे ताप सुरू झाला तेव्हा पावसाळा होता आणि निम्म्या आळीत मुले तापाने आजारी होती. पहिल्या दिवशी १०२, दुसऱ्या दिवशी १०३. पॅरासिटामॉल दिले की दोन तास ताप शंभरावर येई आणि पुन्हा चढे. घरात कोणी म्हणाले दात येत आहेत, डॉक्टर म्हणाले विषाणूजन्य ताप आहे, आणि त्या दिवशी दोन्ही गोष्टी पटण्यासारख्याच होत्या. तिसऱ्या दिवशी रात्री पोटावर आणि जांघेत लालसर चट्टे उठले, ते सकाळी दवाखान्यात नेईपर्यंत फिके पडले होते. चौथ्या दिवशी दोन्ही डोळे लाल झाले. डोळे आले असतील म्हणून मी कापूस आणि कोमट पाणी घेऊन बसले, पण पुसायला काहीच नव्हते. चिपडे नव्हती, पापण्या चिकटलेल्या नव्हत्या, नुसता पांढरा भाग तांबूस झाला होता आणि बुबुळाभोवती पांढरी कड तेवढी शिल्लक होती. त्याच सुमारास ओठ लालभडक होऊन फुटले. उष्णता झाली आहे असे शेजारच्या काकू म्हणाल्या आणि मी ओठांना तूप लावले.

पाचव्या दिवशी लघवीच्या तपासणीत पू-पेशी १८ ते २० आल्या. आता कारण सापडले असे वाटून आम्हा सर्वांनाच हायसे वाटले. मूत्रमार्गाचा संसर्ग धरून आम्हाला दाखल करून घेतले आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू झाले. सहाव्या दिवशी पुन्हा पुरळ आले, तेव्हा ते औषधाची ॲलर्जी म्हणून गणले गेले आणि औषध बदलले. सातव्या दिवशी लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काहीच वाढले नाही. ताप तसाच होता. या सगळ्यात माझ्या मनात सर्वांत जास्त राहिले आहे ते त्याचे रडणे. तापात मूल किरकिर करतेच, पण हा कडेवर घेतले तरी रडे, खाली ठेवले तरी रडे, अंगाला हात लावला तरी किंचाळे, आणि सलग वीस मिनिटे कधी शांत झोपला नाही.

आठव्या दिवशी रात्रपाळीला आलेल्या एका तरुण डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली आणि मला पहिल्या दिवसापासून सगळे पुन्हा सांगायला लावले. मी पुरळ म्हटले की त्या विचारत, "कोणत्या दिवशी? किती तास?" मी डोळे म्हटले की विचारत, "चिकट होते का?" मग त्यांनी मोबाईलमध्ये फोटो आहेत का, असे विचारले. मी आजाराचा म्हणून एकही फोटो काढलेला नव्हता. पण नणंदेला पाठवलेल्या एका फोटोत चौथ्या दिवसाचे लाल डोळे होते, आणि त्याच्या बाबांनी व्हिडिओ कॉलवर टिपलेल्या चित्रात पाचव्या दिवसाचे ओठ होते. त्या दोन्ही गोष्टी आठव्या दिवशी मुलाच्या चेहऱ्यावर जवळजवळ उरलेल्या नव्हत्या. इतक्यात सासूबाई म्हणाल्या, "याची टोचलेली जागा बघा ना, दोन दिवसांपासून लाल झाली आहे." जन्मल्यावर डाव्या दंडावर टोचलेल्या बीसीजीच्या व्रणाभोवती रुपयाएवढे लाल कडे उठले होते. डॉक्टरांनी झबल्याची बाही वर केली, बराच वेळ पाहिले आणि उठून वरिष्ठांना फोन लावला.

सकाळी आम्ही मोठ्या शहरात गेलो. सीआरपी (रक्तातील दाहाचे माप) ११२, पांढऱ्या पेशी १९ हजार, हिमोग्लोबिन साडेआठ, अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) २.८, प्लेटलेट ६ लाख ९० हजार. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डावीकडची कोरोनरी धमनी रुंदावलेली दिसली, झेड स्कोअर (मुलाच्या आकारमानाच्या मानाने धमनी किती रुंद आहे त्याचे माप) ३.२. त्याच रात्री आयव्हीआयजी, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे), शिरेतून सुरू झाले. वजनाच्या प्रत्येक किलोला २ ग्रॅम या हिशोबाने साडेसात किलोच्या मुलाला १५ ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या तीन बाटल्या, बारा तासांत थेंब थेंब गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला आणि तो चार तास झोपला. पुढल्या आठवड्यात बोटांच्या टोकांची कातडी नखांच्या कडेपासून सुटू लागली आणि मोज्यासारखी निघून आली. सहा आठवड्यांनंतरच्या इकोमध्ये धमनी मापात आली होती. उपचारात चालू असलेले ॲस्पिरिन त्यानंतर थांबवले.

माझा कोणावरही राग नाही. पाचव्या दिवशी आम्हाला पाहणाऱ्या डॉक्टरांनी पाचव्या दिवसाचे मूल पाहिले, तिसऱ्या दिवसाचे त्यांना दिसलेच नव्हते. ते मी सांगायला हवे होते, आणि ते सांगण्याजोगे आहे हे मला ठाऊक नव्हते. आपल्यापैकी कोणी या आजारातून किंवा अशाच दुसऱ्या आजारातून गेले असेल तर निदान कसे झाले ते कृपया सविस्तर लिहा.

बालवैद्य

रानजाई ताई, आपण दिवसवार लिहिलेत हे फार उपयोगाचे झाले, कारण या आजाराचे निदान तसेच करावे लागते. मी बालरोगतज्ज्ञ आहे. येथील मजकुरावरून कोणी आपल्या मुलाचे निदान करू नये, पण डॉक्टर काय शोधतात ते पालकांना माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

कावासाकीसाठी एकही निर्णायक तपासणी नाही. पाच किंवा अधिक दिवस ताप आणि त्यासोबत पाचांपैकी चार खुणा, अशी रूढ व्याख्या आहे: दोन्ही डोळ्यांची चिपडाविना लाली, फुटलेले लाल ओठ किंवा स्ट्रॉबेरीसारखी दाणेदार जीभ, अंगावर पुरळ, हातापायांची सूज व लाली आणि दोन-तीन आठवड्यांनी निघणारी साल, आणि मानेला दीड सेंटीमीटरहून मोठे अवधाण (सुजलेली गाठ), जे बहुधा एकाच बाजूला येते. या खुणा एकाच दिवशी एकत्र हजर असतीलच असे नाही. डोळ्यांची लाली ओसरते तेव्हा पाय सुजतात, पाय उतरतात तेव्हा साल निघू लागते, आणि साल निघेपर्यंत थांबले तर उपचाराची उत्तम वेळ निघून गेलेली असते. म्हणून येऊन गेलेली खूणसुद्धा निदानात मोजली जाते, मात्र तिच्याविषयी कोणीतरी विश्वासाने सांगावे लागते.

वर्षाच्या आतील मुलांत अडचण आणखी वाढते. त्यांच्यात दोन-तीनच खुणा दिसतात आणि काही वेळा तापाखेरीज काहीच दिसत नाही, पण कोरोनरी धमन्यांना इजा होण्याचा धोका याच वयात, विशेषतः सहा महिन्यांच्या आत, सर्वाधिक असतो. याला अपूर्ण कावासाकी म्हणतात. हे नाव मला खटकते, कारण त्यात आजार सौम्य असल्याचा भास होतो आणि तो तसा नसतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत अशा मुलांसाठी वाट आखून दिलेली आहे. पाच दिवस ताप आणि दोन-तीन खुणा असतील, किंवा तान्ह्या बाळाला दुसरे कारण न सापडता सात दिवस ताप असेल, तर सीआरपी आणि ईएसआर (हेही रक्तातील दाहाचे माप) पाहायचे. सीआरपी लिटरमागे ३० मिलिग्रॅम किंवा ईएसआर ४० याच्या वर असेल तर पुढे पाहायचे: वयाच्या मानाने रक्त कमी आहे का, सातव्या दिवसानंतर प्लेटलेट साडेचार लाखांवर आहेत का, अल्ब्युमिन ३ किंवा त्याखाली आहे का, यकृताचे एएलटी वाढले आहे का, पांढऱ्या पेशी १५ हजारांवर आहेत का, लघवीत पू-पेशी आहेत का. यांपैकी तीन गोष्टी जुळल्या, किंवा इकोमध्ये दोष दिसला, तर उपचार करायचे. आपल्या मुलाचे आकडे पाहिल्यास इकोच्या आधीच उपचाराचा निर्णय घेता आला असता.

लघवीतील पू-पेशींबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तेथे आम्ही डॉक्टर वारंवार अडखळतो. कावासाकीत मूत्रमार्गालाही दाह होतो, त्यामुळे पेशी येतात पण जंतू नसतात. तान्ह्या बाळाच्या तापात लघवीत पू-पेशी दिसल्या की संसर्ग समजून उपचार सुरू करणे चूक नाही, कारण बहुतेक वेळा तो संसर्गच असतो. मात्र कल्चर कोरे आले आणि योग्य औषध देऊनही ४८ तासांत ताप हलला नाही, तर पहिले निदान बाजूला ठेवून नव्याने विचार करायला हवा.

आपल्याकडे याच्यासारखे दिसणारे आजारही पुष्कळ आहेत. गोवरात खोकला, वाहते नाक आणि पाणावलेले डोळे असतात, आणि पुरळ कानामागून खाली उतरत जाते. स्कार्लेट फीव्हरमध्ये जीभ अशीच दिसते पण डोळे लाल होत नाहीत. ॲडिनोव्हायरसमध्ये घसा आणि डोळे दोन्ही लाल होतात, पण डोळ्यांतून स्राव येतो. डेंगीत प्लेटलेट घसरतात, तर कावासाकीत दुसऱ्या आठवड्यात त्या चढतात. तरीही पहिल्या चार-पाच दिवसांत त्यांवर भिस्त ठेवता येत नाही. विदर्भात पावसाळ्यानंतर स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप, दिसतो, तेव्हा काखेत, जांघेत, कानामागे काळी खपली शोधावी लागते. आणि २०२० नंतर कोविडपाठोपाठ येणाऱ्या एमआयएस-सी या आजाराने सगळेच गुंतागुंतीचे केले. त्यात मुले बहुधा मोठी असतात, पोटदुखी व जुलाब ठळक असतात, प्लेटलेट कमी असतात आणि हृदयाची आकुंचनशक्ती घटलेली असते.

बीसीजीच्या जागेची लाली पाचांच्या यादीत नाही, पण तान्ह्या बाळाच्या तापात ती दिसली तर मी ती फार गांभीर्याने घेतो. आपल्याकडे ही लस जन्मतःच देतात, त्यामुळे प्रत्येक बाळाच्या दंडावर ती जागा असते. सासूबाईंना माझा नमस्कार कळवा.

निशीकासाईकर

मी तोक्योत राहते, माझी दोन्ही मुले येथेच जन्मली. येथील मराठी आयांना हा आजार नावाने ठाऊक असतो, कारण जगात याचे प्रमाण सर्वाधिक जपानमध्येच आहे आणि १९७० पासून येथे त्याचे देशव्यापी सर्वेक्षण होत आले आहे. थोरलीला चार दिवस ताप होता तेव्हा डॉक्टरांनी गळा पाहण्याच्याही आधी बीसीजीची जागा पाहिली. येथे ही लस पाच ते आठ महिन्यांच्या दरम्यान, नऊ सुयांच्या ठशाने दोनदा टोचतात, त्यामुळे जागा अठरा ठिपक्यांची असते आणि लाल झाली की सहज नजरेत भरते. जपानी निकषांच्या २०१९ मधील सहाव्या आवृत्तीत तर ही लाली पुरळाच्या खुणेत धरली आहे, आणि ताप पाच दिवस असलाच पाहिजे ही अटही त्यांनी काढली आहे.

डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी असे पहिले मूल जानेवारी १९६१ मध्ये तोक्योच्या रेड क्रॉस रुग्णालयात पाहिले. मुलगा चार वर्षांचा होता आणि त्याच्या आजाराला नाव देता आले नाही. पुढल्या वर्षी तसेच दुसरे मूल आले, तेव्हा त्यांना आधीचे आठवले. मग ते नोंदी ठेवत गेले आणि १९६७ मध्ये ५० मुलांचे वर्णन जपानी भाषेत प्रसिद्ध केले. इंग्रजीत ते १९७४ मध्ये आले. आरंभी हा आजार आपोआप बरा होणारा मानला जाई, हृदयाशी त्याचा संबंध नंतर उलगडला. २०२० मध्ये, ९५ व्या वर्षी ते वारले. रात्रपाळीच्या त्या डॉक्टरांचे वाचताना मला त्यांचीच आठवण झाली.

अबोली

डॉक्टर, एक शंका आहे, ती अज्ञानातून आली असेल तर क्षमा करावी. निदान इतके अवघड असेल आणि उशिराची किंमत हृदयाला मोजावी लागत असेल, तर पाच दिवस ताप असलेल्या प्रत्येक लहान मुलाला आयव्हीआयजी का देत नाहीत?

बालवैद्य

अबोली, शंका अगदी योग्य आहे. आयव्हीआयजी हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवापासून बनते, महाग असते आणि ती देताना मुलावर सतत लक्ष ठेवावे लागते. तीव्र डोकेदुखी, मेंदूच्या आवरणाचा जंतुविरहित दाह, लाल पेशी फुटणे असे दुष्परिणाम होऊ शकतात. शिवाय पुढले अकरा महिने गोवर-रुबेला आणि कांजिण्या यांच्या लसी पुढे ढकलाव्या लागतात, कारण त्या लागू पडत नाहीत. पाच दिवस ताप असलेल्या बहुसंख्य मुलांना हा आजार नसतोच.

परंतु निदान ठाम झाल्यावर, किंवा वरील वाटेने तेथवर पोहोचल्यावर, उशीर करू नये. उपचाराविना १०० पैकी साधारण २५ मुलांच्या कोरोनरी धमन्यांत दोष निर्माण होतो. पहिल्या दहा दिवसांत आयव्हीआयजी मिळाली तर हे प्रमाण ४ ते ५ वर येते. दहा दिवस उलटले असतील आणि ताप व दाह चालूच असेल, तरीही ती द्यावी. सुमारे १० ते २० टक्के मुलांचा ताप पहिल्या मात्रेनंतर ३६ तासांनीही राहतो किंवा पुन्हा येतो, त्यांना दुसरी मात्रा, स्टेरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब हे दाह रोखणारे औषध लागते.

इकोविषयी एक गोष्ट राहिली. पहिल्या आठवड्यात इको निर्दोष आला म्हणून कावासाकी नाही, असे म्हणता येत नाही. आणि इको करणाऱ्याला लहान मुलांचा अनुभव असावा. हलणाऱ्या, रडणाऱ्या बाळाच्या दोन-तीन मिलिमीटरच्या धमन्या मोजायच्या असतात, म्हणून बाळाला झोपवून इको करावा आणि अहवालात कोरोनरी धमन्यांची मापे झेड स्कोअरसह मागावीत. "हृदयाचे कार्य उत्तम" एवढीच ओळ असलेला अहवाल येथे अपुरा आहे.

वाटसरू

मूळ विषय कावासाकीचा आहे, पण रानजाई यांनी अशाच दुसऱ्या आजाराचेही लिहा म्हटले आहे म्हणून लिहितो. माझ्या मुलीला अकराव्या वर्षी ताकायासू आर्टेरायटिस निघाला. हा महाधमनीचा आणि तिच्या मोठ्या शाखांचा दाह आहे. त्याआधी वर्षभर तिला थकवा, अधूनमधून बारीक ताप आणि डोकेदुखी होती. चष्म्याचा नंबर, अभ्यासाचा ताण, रक्ताची कमतरता असे सगळे झाले, लोहाची औषधे झाली. ईएसआर ८५ आला तेव्हा क्षयरोगाचा शोध घेतला गेला, त्यात काही निघाले नाही.

शाळेच्या क्रीडास्पर्धेसाठी प्रमाणपत्र हवे होते. तेथील डॉक्टरांना डाव्या हाताचा रक्तदाब लागेना. यंत्र बिघडले असेल म्हणून त्यांनी दुसरे यंत्र आणवले, तरी लागेना. मग त्यांनी डाव्या मनगटावर बोटे ठेवली आणि तशीच काही वेळ ठेवून राहिले. नाडी लागत नव्हती. उजव्या हाताचा रक्तदाब १५८/१०० निघाला. पुढे सीटी अँजिओग्राफीत डाव्या हाताकडे जाणारी धमनी अरुंद झालेली आणि एका मूत्रपिंडाची धमनीही आखडलेली दिसली. त्या वर्षभरात तिला सहा डॉक्टरांनी तपासले होते, पण तिचा रक्तदाब एकदाही मोजला गेला नव्हता. लहान मुलाला रक्तदाब कशाला असेल, असे आम्हालाही वाटत होतेच. चालू आजारात कारण न कळता ईएसआर चढलेला राहत असेल, तर दोन्ही हातांचा रक्तदाब घ्यायची विनंती पालकांनी नि:संकोच करावी.

अबोली

वाटसरू, मुलीची प्रकृती आता कशी आहे? आणि माझ्या भाच्याच्या पायांवर जांभळे ठिपके येऊन पोट दुखत होते, तोही याच कुळातला आजार का?

बालवैद्य

त्याला आयजीए व्हॅस्क्युलायटिस म्हणतात, जुने नाव हेनॉख-शोनलाइन परप्युरा. मुलांमधील रक्तवाहिन्यांच्या दाहात हाच सर्वांत जास्त आढळतो. ठिपके बोटाला किंचित उंच लागतात, दाबले तरी विरत नाहीत, आणि प्लेटलेट मात्र व्यवस्थित असतात. पुरळ जाऊन मूल बरे दिसू लागले तरी निदान सहा महिने लघवी आणि रक्तदाब तपासत राहावे, कारण मूत्रपिंडाचा त्रास उशिराने डोके वर काढू शकतो.

वाटसरू

अबोली, औषधे चालू आहेत, रक्तदाब आटोक्यात आहे, आणि ती या वर्षी दहावीला आहे. विचारपूस केलीत, आभारी आहे.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. लसीचा मुद्दा आमच्याकडेही आला होता. नवव्या महिन्यात आशाताई गोवर-रुबेलाच्या लसीसाठी घरी आल्या आणि मी नको म्हटल्यावर त्या काळजीत पडल्या, कारण लस नाकारणारे घर म्हणून नोंद करायची का, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. मग शहरातील डॉक्टरांनी लसीकरणाच्या कार्डावरच आयव्हीआयजीची तारीख आणि लस कधी द्यायची तो महिना लिहून सही केली. बाकीच्या लसी वेळेवर झाल्या. ॲस्पिरिन चालू असताना फ्लू किंवा कांजिण्या झाल्यास लगेच कळवा, असेही त्यांनी बजावले होते.

ज्या चौदा महिन्यांच्या मुलीमुळे हा धागा काढला, तिच्याविषयी. तिच्या आईला मी दिवसवार लिहून काढायला सांगितले, तिने वहीचे पान भरून डॉक्टरांना दिले आणि पुरळाचे दोन फोटो दाखवले. डॉक्टरांनी ते शांतपणे वाचले, बीसीजीची जागा पाहिली, मान चाचपली आणि रक्त तपासले. सीआरपी ९ आले, पांढऱ्या पेशी बेताच्या होत्या, आणि सातव्या दिवशी ताप आपोआप उतरला. विषाणूजन्य तापच होता असे त्यांचे मत आहे. ते पान त्यांनी फाइलला लावून ठेवले आहे, आणि तिसऱ्या आठवड्यात बोटांची टोके एकदा पाहून घ्या म्हणाले आहेत. तो आठवडा येत्या सोमवारी सुरू होतो.